बावखलाचे पाणी

वसई स्टेशनवर उतरावे, पश्चिमेच्या गावांकडे जाणारी बस धरावी आणि गिरीज, निर्मळ, नंदाखाल अशा कुठल्याही गावी उतरून आतल्या आळीत शिरावे. दोन वाड्यांच्या मध्ये, झाडांच्या सावलीत एखादे तळे दिसेल. त्याला ना घाट, ना कठडा. परक्याला ते डबकेच वाटेल. वसईकर त्याला बावखल म्हणतात. पूर्वजांनी हे खड्डे खणले आणि निघालेली माती सखल जमिनीवर घालून ती उंच केली. पावसाळ्यात आसपासचे पाणी बावखलात उतरते, सावकाश जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात भोवतालच्या विहिरींना गोडे पाणी पुरवते. बावखल एकाच्या जागेत असते. विहिरी मात्र साऱ्या आळीच्या भरतात.

वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या दातृत्वाविषयी लिहायला बसलो आणि आधी डोळ्यांपुढे आले ते बावखल. दान म्हटले की आपल्याला देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी आठवते. इथले जुने देणे तसे नव्हते. ते जमिनीखालून वाहत असे.

पोर्तुगीज 1534 साली वसईत आले आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी त्यांना घालवून दिले. त्या दोन शतकांत इथल्या अनेकांचा धर्म बदलला. वाडी, विळा आणि बोली मात्र तीच राहिली. केळी, पानवेली, फुले, भाजी यांवर घर चाले. टोपल्या पहाटेच्या गाडीने मुंबईला जात. हातात येणारा पैसा थोडा आणि रोजचा. एखादे आजारपण, एखादे लग्न, की सावकाराचे दार. वाडी गहाण पडली की सुटणे कठीण.

यावर उपदेश पुष्कळांनी केला असता. मॉन्सिग्नर पी. जे. मोनीस यांनी 1918 साली पतसंस्था काढली. आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक ती हीच. अशा संस्थांचे मर्म साधे होते. दहा घरांची चार-चार आण्यांची बचत एकत्र करायची आणि अडलेल्या अकराव्याला ती माफक व्याजाने द्यायची. जामीन कोण? तर शेजारी. कर्ज बुडाले तर शेजाऱ्याच्या गळ्याशी येणार, म्हणून घेणारा जपून खर्च करी आणि जामीन राहणाराही त्याच्या वाडीवर लक्ष ठेवी. साधी राहणी ही तिथे पोथीतली शिकवण नव्हती. शेजाऱ्याशी केलेला तो व्यवहार होता.

दुसरे उदाहरण सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे. 1833 साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही संस्था जगभरच्या धर्मग्रामांत काम करते. सभासदांनी जोडीने गरजूच्या घरी जायचे, बसायचे, बोलायचे, मग मदत द्यायची. सभा संपताना एक थैली फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची आणि रिकामी बाहेर काढायची. कोणी किती टाकले, की काहीच टाकले नाही, हे कुणाला कळत नाही. देणाऱ्याची ऐट आणि न देऊ शकणाऱ्याची लाज, दोन्ही त्या थैलीत झाकली जातात.

ही रीत चालली, कारण प्रत्येकाला कधी ना कधी दुसऱ्याची गरज पडे. लग्नाच्या मांडवाला बांबू एकाचे, भांडी दुसऱ्याची, स्वयंपाकाला आळीतल्या बायका. मग जमिनीला भाव आला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरारचा पट्टा बांधकामासाठी मोकळा होऊ लागला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली. जमीन आणि पाणी वाचवण्याच्या त्या लढ्यात सर्व धर्मांचे वसईकर होते. पुढे हेच फादर दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. त्यांच्या चळवळीने बरीच हिरवळ राखली. सगळी राखता आली नाही.

जमीन विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. वाटण्या होऊन वाडीचे तुकडे झाले, मजूर मिळेना, मुले नोकरीला मुंबईत, पुढे आखातात नि कॅनडात गेली. म्हाताऱ्याने विळा कोणाच्या हाती द्यायचा? पण पैसा आला आणि नकळत एक गोष्ट गेली. शेजाऱ्यावाचून अडेना. मांडवाच्या जागी हॉल आला, आळीतल्या बायकांच्या जागी केटरर. वर्गणीचा आकडा वाढला असेल, पण जाऊन बसणे आणि बोलणे कमी झाले. मोठ्या बंगल्यात एकट्या राहणाऱ्या आजीला आज पैसे नको आहेत. संध्याकाळी कोणीतरी दार ठोठवायला हवे आहे.

बावखलांचेही तेच झाले. नळ आले, तशी ती निरुपयोगी वाटू लागली. काहींत कचरा पडला, काहींवर भराव. जुलै 2018 मध्ये वसई, नालासोपारा कित्येक दिवस पाण्याखाली होते, गाड्या बंद पडल्या होत्या. पाण्याला जायला वाट नव्हती आणि थांबायला जागा नव्हती. ती जागा आपणच बुजवली होती, हे तेव्हा पुष्कळांच्या ध्यानात आले.

आता खरा प्रश्न पुढचा आहे. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. या इमारतींत देशभरातून आलेली माणसे राहतात. जुन्या गावकऱ्याच्या तोंडी त्यांच्याविषयी 'ती बाहेरची' हा शब्द सहज येतो. त्याची तक्रार अगदीच खोटी नाही. पाणी, रस्ते, गटारे यांवर ताण पडला आहेच. परंतु शेजारी म्हणावे कोणाला, असे येशूला एका शास्त्र्याने विचारले, तेव्हा त्याने गोष्ट सांगितली ती परक्या शोमरोनी माणसाची. आपल्याच आळीपुरती माया हा धर्म नव्हे, हा त्या गोष्टीचा रोख. जामीन राहणारा जुना शेजारधर्म ओळखीच्या माणसापुरता होता. अनोळखी माणसाला त्यात घ्यायचे, ही वसईची आजची कसोटी आहे, आणि ती एकट्या ख्रिस्ती समाजाची नाही.

अलीकडच्या वर्षांत गावातल्या काही तरुणांनी सुटीच्या दिवशी बावखलांतला गाळ आणि प्लॅस्टिक उपसायला सुरुवात केली. गुडघाभर चिखलात उतरायचे, घमेली हातोहात वर द्यायची. या कामाला मोठी देणगी लागत नाही. सकाळ मोडावी लागते आणि कपडे खराब होतात. पावसाचे पाणी तिथे पुन्हा साठेल आणि मुरत मुरत पुढे जाईल. वाटेत वाडी आहे की इमारत, हे ते विचारणार नाही.