काळजी करणं आणि काळजी घेणं

आपण एखाद्याला निरोप देताना म्हणतो, "काळजी करू नकोस." आणि लगेच पुढं म्हणतो, "काळजी घे." शब्द तोच, क्रियापद बदललं की अर्थ उलटा होतो. आजचा विषय चिंताविकाराचा आहे. तो असलेल्या माणसानं कसं जगायचं आणि त्याच्या घरच्यांनी कसं वागायचं, हा प्रश्न बराचसा या दोन क्रियापदांमधला आहे. हायडेगर नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १९२७ च्या आपल्या ग्रंथात असाच एक दुहेरी शब्द मध्यभागी ठेवला आणि त्यावर शेकडो पानं लिहिली. आपण माढ्यात बसलो आहोत, आपल्याला मराठी शब्द पुरेसा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या नावापुढं जे 'डॉक्टर' लागलं आहे ते तत्त्वज्ञानाचं. गोळी लिहून देण्याचा अधिकार आम्हांला नाही. तेव्हा इथं ऐकलेलं घेऊन कुणी परस्पर औषध सुरू करू नये, आणि बंद तर मुळीच करू नये.

आता, काळजी म्हणजे आजार का? नाही. उसाचं बिल कारखान्यानं थकवलं तर शेतकऱ्याला काळजी वाटणारच. उजनीचं आवर्तन वेळेवर सुटेल का, बारावीला मुलीला मार्क किती पडतील, या काळजीला डॉक्टर लागत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला आणि आपल्या तालुक्यातली काठावरची गावं पाण्यात गेली. त्यानंतर आभाळ भरून आलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना आपण रोगी म्हणणार नाही. भीतीला कारण आहे, आणि ती भीती कामाची आहे. तीच माणसाला जनावरं वेळेत सोडायला लावते.

चिंताविकार म्हणतात तो वेगळा. कारण गेलं तरी काळजी जात नाही, किंवा कारणाच्या मानानं ती फार मोठी असते. एक विषय मिटला की दुसऱ्यावर जाऊन बसते. महिनोन्‌महिने, बहुतेक दिवस, झोप, भूक आणि काम यांवर तिचा ताबा राहतो. सतत सगळ्याचीच काळजी वाटणाऱ्या प्रकारासाठी डॉक्टर साधारण सहा महिन्यांची मुदत धरतात. दुसऱ्या प्रकारात अचानक झटका येतो, त्याला 'पॅनिक अटॅक' म्हणतात. तिसऱ्यात चारचौघांत बोलायची, खायची, सही करायचीसुद्धा धास्ती वाटते. प्रकार आणखी आहेत, पण आज आपल्याला वर्गीकरण करायचं नाही.

झटक्याचं वर्णन मात्र नीट समजून घेऊ, कारण घरात सगळ्यात जास्त गोंधळ तिथं होतो. वर्णन कुठं सापडतं? भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात. अर्जुन काय सांगतो ते आठवून पाहा. अवयव गळून गेलेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कापरं भरलं आहे, रोमांच उभे राहिलेत, धनुष्य हातातून निसटतं आहे, त्वचेचा दाह होतो आहे, उभं राहवत नाही, मन भोवंडतं आहे. आजच्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहावी अशी यादी आहे. अर्जुनाला हा विकार होता असं आम्ही म्हणत नाही, त्याचा पेच नैतिक होता. पण एवढा पराक्रमी योद्धा, आणि शरीर हे असं वागतं, हे आपल्या परंपरेनं न लाजता नोंदवून ठेवलं आहे. घाबरणारा माणूस म्हणजे लेचापेचा, असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

शरीरात काय होतं? मेंदूला धोका दिसला की तो अ‍ॅड्रेनलिन सोडायला लावतो. छाती धडधडते, श्वास वाढतो, रक्त पायांकडं वळतं. ही पळण्याची किंवा लढण्याची तयारी. साप दिसला तर हे उत्तम. पण एसटीत खिडकीशी बसलेल्या माणसाला ना पळायचं असतं ना लढायचं. श्वास नुसता भराभर चालत राहतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळं बोटांना, ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते. त्याला वाटतं, आपल्याला हार्ट अटॅक आला. त्या भीतीनं श्वास आणखी वाढतो. काही मिनिटांत हे शिखराला पोचतं आणि मग उतरू लागतं. उतरतंच, कारण शरीर त्या ताणात फार वेळ राहू शकत नाही.

पहिल्यांदा असं झालं तर दवाखान्यात जायलाच हवं. छातीत खरोखर काही असू शकतं. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्यावं. पण पुढची अडचण अशी की सगळे रिपोर्ट चांगले आले की डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन आहे." त्यातले शेवटचे दोन शब्द घरच्यांना ऐकूच येत नाहीत. घरी येतं ते 'काही नाही'. मग सुरू होतं, नाटक करतोय, कामाचा कंटाळा आहे, मनाला लावून घेतो, देवाचं काही राहिलंय का बघा. माढेश्वरीला जाऊन आईपुढं डोकं टेकवून बरं वाटत असेल तर जरूर जावं. अंगाऱ्यासाठी औषध थांबवायला सांगणारा भेटला तर मात्र तिथून उठावं.

पण रागावणाऱ्या घरांविषयी आम्ही फार बोलणार नाही. त्यांची चूक दिसते तरी. आज आम्हांला बोलायचं आहे ते प्रेमळ घरांविषयी, कारण तिथली गोष्ट दिसत नाही.

समजा, पस्तिशीची एक बाई आहे. आठवडी बाजारात गर्दीत तिला पहिला झटका आला. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "मी नाही येत." नवरा चांगला, तो म्हणाला, "राहू दे, मी आणतो भाजी." त्या क्षणी तिला काय वाटलं असेल? हायसं. आणि मेंदूनं काय नोंद केली? बाजार धोक्याचा होता, टाळला म्हणून वाचलो. मग शाळेतली पालकसभा. सासरे म्हणाले, "सूनबाई, मी जाऊन येतो." मग घरात एकटं राहायची भीती, म्हणून लेकीनं कॉलेजचे दोन तास बुडवले. नवऱ्याला दिवसातून दहा फोन, "पोचलात का? बरे आहात ना?" आणि तो बिचारा दहाही वेळा उत्तर देतो. दोन वर्षांनी बघावं तर बाईचं जग दोन खोल्यांचं झालेलं, आणि घरातला प्रत्येक जण तिच्या भीतीच्या वेळापत्रकावर चाललेला. यात दुष्ट कुणी नाही. सगळे तिची काळजीच करत होते.

मानसशास्त्रात या गोष्टीचा बराच अभ्यास झाला आहे. घरच्यांनी भीतीला जागा करून देत जाणं, असं आपण त्याला म्हणू. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी चिंताग्रस्त मुलांसाठी एक पद्धत बसवली, तिच्यात उपचार करणारा मुलाला भेटतच नाही. फक्त आईवडिलांना शिकवतात, आणि शिकवतात ते हेच, की ही जागा करून देणं हळूहळू कमी कसं करायचं. मुलावर थेट केलेल्या उपचाराशी तुलना केली तर गुण तेवढाच आला. म्हणजे घरातल्यांचं वागणं ही वरवरची बाब नाही, ते औषधाच्या जवळ जाणारं काहीतरी आहे.

मग काय करायचं? उद्यापासून भाजी आणणं बंद, असं? मुळीच नाही. तो दुसरा टोकाचा वेडेपणा. जे काही करायचं ते तिच्याशी बोलून, तिच्या संमतीनं, शक्य तर समुपदेशकाच्या मदतीनं, आणि पायरीपायरीनं. तिनं आधी नवऱ्याबरोबर नुसतं एसटी स्टँडपर्यंत जावं, दहा मिनिटं उभं राहावं, परत यावं. हे तीन-चारदा झालं, भीती येऊन उतरते हे अंगानं अनुभवलं, की मग त्याच्याबरोबर कुर्डुवाडीपर्यंत. मग तो मागच्या सीटवर. मग ती एकटी, तो कुर्डुवाडीत थांबलेला. सोलापूर पुष्कळ पुढं. एखाद्या पायरीवर आठ दिवस अडेल, एखादी पायरी परत खाली उतरावी लागेल. दहा फोनांचं काय? दोघांनी ठरवून घ्यावं, पोचल्यावर एकच फोन. आणि अकरा वाजता दुसरा आला तर चिडायचं नाही. "तुला धाकधूक होतेय हे कळतंय मला. आपलं ठरलंय ना? संध्याकाळी बोलू." एवढंच.

झटका चालू असताना उपदेश करू नये. त्या वेळी मेंदू वाद ऐकण्याच्या स्थितीत नसतो. 'शांत हो, शांत हो' हेही नको, होता आलं असतं तर झाली असती. शेजारी बसावं, आवाज हळू ठेवावा, "हे आधीही आलं होतं आणि गेलं होतं, मी इथं आहे" असं म्हणावं. श्वास सोडताना लांबवायला सांगावं, हवं तर आपणही सोबत सोडावा. पाचजणांनी भोवती कोंडाळं करून वारा घालू नये.

याच ठिकाणी पुन्हा गीता आठवते. कृष्णानं आधी अर्जुनाला खडसावलंच होतं. उपयोग झाला नाही, मी लढणार नाही म्हणून तो गप्प बसला. मग कृष्णानं काय केलं? रथ माघारी वळवला नाही. धनुष्य स्वतःच्या हातातही घेतलं नाही. सारथ्याच्या जागेवर बसून तो बोलत आणि ऐकत राहिला. त्या संवादाचा सिद्धान्त काय, यावर आमचं निम्मं आयुष्य गेलं. तो कुठं बसला होता, तेही पाहण्यासारखं आहे.

उपचारांविषयी थोडक्यात. बोलून करायचे उपचार आहेत, त्यांतला एक आपल्या मराठी माणसांनी चांगला रुजवला आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ग्रीक गुलाम-तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचा विचार तिच्या मुळाशी आहे. माणूस घटनांनी कमी आणि घटनांविषयीच्या स्वतःच्या समजुतींनी जास्त अस्वस्थ होतो, असा तो विचार. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत इथं शिकवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या 'आयपीएच' संस्थेनं ती सामान्य घरांपर्यंत नेली. एलिस स्वतः मुलींशी बोलायला घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्यानं न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभरात शंभर अनोळखी मुलींशी बोलायचं ठरवलं आणि बोलला. भेटायचं कबूल केलं एकीनं, तीही आली नाही! पण भीती गेली. विचार बदलणं आणि पायांनी तिथं जाणं, दोन्ही लागतं. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांची जमात पहिल्याच अर्ध्यावर खूश असते.

औषधांचे ढोबळ दोन प्रकार. एक रोज घ्यायचं, त्याला गुण यायला काही आठवडे लागतात. लोक आठ दिवसांत कंटाळून सोडतात. दुसरं झटपट शांत करणारं. अल्प्राझोलम त्यातलं. ते डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस घ्यायचं, कारण त्याची सवय लागते. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या पाकिटातली गोळी घेणं, हे आपल्याकडं सर्रास चालतं, ते थांबायला हवं.

बेंगळुरूच्या 'निमहान्स'नं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठी पाहणी केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आकडे आपल्यालाही लागू पडावेत असे आहेत. दर शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना कुठला ना कुठला मानसिक विकार, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेलेच नाहीत. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही फोनसेवा आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथं घरच्यांनीही फोन करावा. सांभाळणाराही थकतो, आणि त्याला कुणी विचारत नाही. सोलापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, आपण ज्याला सिव्हिल म्हणतो तिथं, मानसोपचार विभाग आहे. २०१७ च्या कायद्यानं मानसिक आजाराला विमाही शारीरिक आजारासारखाच मिळायला हवा, हेही माहीत असू द्या.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. "मुलीचं औषध चालू आहे, आता पुष्कळ बरी आहे. स्थळं येतायत. सांगायचं का?"

ताई, आमचं मत विचाराल तर सांगावं. सुपारी फुटायच्या आधी, आणि मध्यस्थाकरवी नको, मुलीनंच मुलाला, साध्या शब्दांत. मला असा त्रास होता, हे औषध घेते, आता मी कामावर जाते. एखादं स्थळ मोडेल. मोडू द्या. लपवून लग्न लावलं तर पहिल्या महिन्यात गोळ्यांचं पाकीट कपाटात साड्यांच्या घडीखाली जाईल, मग 'कशाला विषाची परीक्षा' म्हणून गोळी बंद होईल, आणि झटका येईल तो सासरच्या पाहुण्यांच्या गर्दीत, जिथं तिच्या शेजारी बसून 'हे येतं आणि जातं' म्हणणारं कुणी नसेल. पुढं मूल होऊ द्यायचा विचार झाला, तर औषधाचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायला सांगा. आणि मुलगा बघायला आला की त्याला एकच विचारा, "हिला बरं वाटेनासं झालं तर तू काय करशील?" पाठ केलेलं उत्तर आलं तर ओळखू येतं. "मला माहीत नाही, पण शिकेन" म्हणाला, तर चहा दुसऱ्यांदा ठेवा.