ब्रेकचा पिस्टन घरी काढताना

डिस्क ब्रेक जाम झाला आहे का, हे पाहायला अवजार लागत नाही. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, पुढचे चाक अधांतरी करायचे आणि हाताने फिरवायचे. चांगले चाक दोन-तीन फेरे सहज मारते. मे महिन्याच्या सुट्टीत बेळ्ळंदूरला मामांकडे गेलो, तेव्हा त्यांच्या 150 सीसी गाडीचे चाक अर्ध्या फेरीतच थांबले. मामेभाऊ ती गाडी रोज ऑफिसला नेतो. त्याची तक्रार एवढीच होती, की ॲव्हरेज पडले. तो फिरून आल्यावर मामांनी डिस्कवर पाण्याचे चार थेंब टाकले. तव्यावर पडल्यासारखा चर्र आवाज आला.

मामा सैन्यात ईएमईमध्ये गाड्यांचे मेकॅनिक होते. त्यांनी लगेच कारण सांगितले. 2022 च्या सप्टेंबरमध्ये बेळ्ळंदूर आणि आउटर रिंग रोडचा परिसर पाण्याखाली गेला होता. लोक ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला जात होते, ते टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिले. त्या पुरात तळघराच्या पार्किंगमध्ये ही गाडी दोन दिवस बुडाली होती. नंतर इंजिन उघडून साफ केले, सीट वाळवली, पण ब्रेक लागत होता म्हणून कॅलिपर कोणी उघडलाच नाही. "ब्रेक लागतो हे सगळे बघतात, सुटतो का हे कोणी बघत नाही," मामा म्हणाले.

आता आतली रचना. हँडलवरचा लिव्हर मास्टर सिलिंडरमधला लहान पिस्टन ढकलतो. ते दडपण ब्रेक ऑइलमधून कॅलिपरमधल्या मोठ्या पिस्टनपर्यंत जाते. हाच आपल्या पुस्तकातला पास्कलचा नियम. उदाहरण घेऊ. मास्टर सिलिंडरचा व्यास 12 मिमी धरला तर क्षेत्रफळ सुमारे 1.13 चौरस सेंटिमीटर येते. कॅलिपरमध्ये 30 मिमीचे दोन पिस्टन असतील तर त्यांचे मिळून 14.1 चौरस सेंटिमीटर. म्हणजे साडेबारा पट. बोटांनी 10 किलोचा जोर लावला आणि लिव्हरने तो पाचपट केला, तर पॅडवर सुमारे सव्वासहाशे किलोचा जोर पडतो! दोन बोटांनी.

पण मला खरी गंमत वाटली ती सीलची. पिस्टन मागे ओढायला आत स्प्रिंग असेल असे मी समजत होतो. स्प्रिंग नसतेच. सिलिंडरच्या भिंतीत एक खाच असते आणि तिच्यात चौकोनी काटछेदाची रबरी रिंग बसते. पिस्टन मिलिमीटरच्या अंशाइतका पुढे सरकला की रिंग त्याला धरून थोडी पिळली जाते. लिव्हर सोडला की रिंग सरळ होते आणि पिस्टनला तेवढेच मागे आणते. पॅड झिजला असेल तर पिस्टन रिंगमधून थोडा पुढे घसरतो आणि तिथून पुन्हा तेवढाच मागे येतो. म्हणून डिस्क ब्रेक ड्रमसारखा आवळत बसावा लागत नाही. आता त्या खाचेत गंज आणि वाळलेले ऑइल साचले की रिंग बाहेर ढकलली जाते, पिस्टनला घट्ट आवळते, आणि तो परत येत नाही. मामांच्या गाडीत हेच झाले होते.

कामाला लागण्याआधी मामांनी एक युक्ती दाखवली. कॅलिपर फोर्कवर घट्ट बसलेला असतानाच पॅडच्या पिना आणि ऑइलच्या पाइपचा बोल्ट थोडा सैल करून घ्यायचा. पाइपचा बोल्ट लगेच परत आवळायचा. एकदा कॅलिपर हातात आला की त्याला धरून जोर लावता येत नाही. मग दोन बोल्ट काढून कॅलिपर उतरवायचा, पॅड काढायचे आणि बाहेरून साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासायचा. बेळ्ळंदूरला बांधकामाची धूळ इतकी, की पहिली बादली काळी झाली.

पिस्टन बाहेर काढायला सर्वांत चांगले अवजार म्हणजे गाडीचा स्वतःचा लिव्हर. पाइप जोडलेलाच ठेवून हळूहळू लिव्हर दाबायचा, ऑइलच पिस्टनला बाहेर ढकलते. अट एवढीच की दोन्ही पिस्टन बरोबरीने आले पाहिजेत. मामा चहा आणायला वर गेले आणि मी दाबत राहिलो. सैल असलेला पिस्टन पुढे पुढे आला, अडकलेला जागचा हलला नाही, आणि सैल पिस्टन टपकन बाहेर पडून ऑइल पुढच्या मडगार्डवर सांडले. ब्रेक ऑइल रंग खाते हे मला माहीत होते, पण मी ते फडक्याने पुसत बसलो. मामा जिन्यावरूनच ओरडले, "अरे पुसतोस काय, पाणी ओत!" ते ऑइल पाण्यात विरघळते, म्हणून भरपूर पाणी हाच उपाय. मला उशीर झाला होता.

त्याहून मोठी अडचण अशी, की एक पिस्टन पडला की तिथूनच ऑइल निघून जाते आणि दुसऱ्याला दडपण मिळत नाही. मग पडलेला पिस्टन पुन्हा आत बसवला, त्यावर लाकडाची पट्टी ठेवून सी-क्लॅम्पने आवळला, ऑइल भरले, हवा काढली आणि पुन्हा लिव्हर. आता सगळा जोर अडकलेल्यावर. सातव्या-आठव्या वेळी तो कर्रकन हलला.

काही जण इथे पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारतात. तसे करू नका. 7 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दडपण 30 मिमीच्या पिस्टनवर जवळजवळ 50 किलोचा जोर देते, आणि दाबलेली हवा ऑइलसारखी नाही; पिस्टन गोळीसारखा सुटतो. समोर बोट असेल तर ते गेलेच. पिस्टनला बाहेरून पक्कड लावणेही चूक. सील ज्या पृष्ठभागावर सरकते तिथे ओरखडा पडला की गळती सुरू.

दोन्ही पिस्टन बाहेर आल्यावर मी पॉलिश पेपर घेऊन तयार होतो. मामांनी आधी नखाने तपासायला सांगितले. पॅडकडच्या टोकाला थोडा गंज चालतो, तो साफ करता येतो. पण सील सरकते त्या पट्ट्यात क्रोम उडून खड्डा पडला असेल तर घासून उपयोग नाही. आमच्या एका पिस्टनला नख अडकले, तो बदलला. सील चारही नव्या घातल्या. प्रत्येक पिस्टनला दोन असतात, आतली ऑइलची आणि बाहेरची धुळीची. खाच लोखंडी टोच्याने खरवडायची नाही. मी बांबूची काडी तासून घेतली. तपकिरी, साखरेसारखा कडक थर निघाला. एका छोट्या खाचेला पाऊण तास लागला. सगळ्या कामात हेच कंटाळवाणे, आणि सगळे काम यावरच अवलंबून.

धुवायला पेट्रोल किंवा रॉकेल वापरायचे नाही, सीलला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायचे नाही. या सीलचे रबर त्याने फुगते. नव्या ब्रेक ऑइलमध्ये सील आणि पिस्टन बुडवून, उघडे तोंड पॅडकडे ठेवून, अंगठ्याने सरळ दाबायचे. तिरका गेला तर ठोकायचे नाही, काढून परत लावायचा. नीट असेल तर हाताच्या जोराने आत जातो, आणि जाताना हातालाच ते कळते.

पाइपच्या बोल्टला तांब्याचे नवे वॉशर घातले. ऑइल डॉट 4, तेही नव्या सीलबंद बाटलीतले, कारण ते हवेतले पाणी शोषते. कोरडे असताना डॉट 4 चा उत्कलनांक किमान 230 अंश असतो, पाणी मुरल्यावर किमान 155 पर्यंतच राहतो. ऑइल उकळले की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर मऊ पडतो. हवा काढताना क्रम सोपा: लिव्हर दाबून धरा, निपल पाव आटा उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही.

लिव्हर कडक लागला. तेव्हा लक्षात आले, की पॅडच्या मागची पातळ स्प्रिंगपत्ती ओट्यावरच राहिली आहे. कॅलिपर परत उतरवला, पत्ती घातली, डिस्कवर बसावा म्हणून पिस्टन आत ढकलले, बोल्ट आवळले. आणि लिव्हर पुन्हा दाबून पाहिला नाही. दादाने गाडी काढली आणि तळघराच्या रॅम्पवरून वर गेला. फाटकाशी पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर सरळ हँडलला टेकला. पिस्टन आत होते, पॅड डिस्कपासून लांब होते; पहिल्या दाबाने ते फक्त जवळ आले. मागच्या ड्रम ब्रेकने गाडी थांबली. समोर रस्त्यावर पाण्याचा टँकर चालला होता.

दादा काही बोलला नाही. मामाही ओरडले नाहीत. त्यांनी खोक्याचा पुठ्ठा फाडून माझ्या हातात दिला आणि लिहायला लावले: 'चावी लावण्याआधी लिव्हर दाब, कडक होईपर्यंत.' तो पुठ्ठा सुतळीने हँडलला बांधला. मग चाचणी माझ्या डोळ्यांसमोर झाली. आधी स्टँडवर चाक, मग ढकलत नेऊन ब्रेक, मग आवारात पायी चालण्याच्या वेगाने, आणि शेवटी रस्ता.

दादा अगर तळ्यापर्यंत जाऊन परत आला. डिस्कवर पाणी टाकले, ते नुसते ओघळले. चाक हाताने तीन फेरे फिरले. मडगार्डवरचा रंग मात्र हाताच्या पंजाएवढा उडाला आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो मलाच मारून द्यायचा आहे.