वाख आणि प्लास्टिक : पकडीचा प्रश्न

अंबाडी म्हटली की विदर्भ-मराठवाड्यात आंबट भाजी आठवते, आणि जुन्या शेतकऱ्याला आठवतो तिचा वाख. त्याचे दोर वळले जात, दावी आणि कासरे होत. हाच अंबाडीचा वाख पॉलिप्रॉपिलीनबरोबर गरम साच्यात दाबून जपानच्या टोयोटाने मोटारीच्या दारांची आतली अस्तरे केली. जर्मनीत मर्सिडीजने जवसाचा वाख वापरला. फिलिपाइन्समध्ये अबाका नावाचे, केळीच्या कुळातले झाड वाढते. त्याचा धागा मर्सिडीजच्याच ए-क्लास गाडीच्या सुट्या चाकाच्या झाकणात गेला. यामागचा हिशेब वजनाचा. काचतंतूची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, तर जवस-तागाची दीड ग्रॅमच्या आसपास. वजनाच्या मानाने ताठपणा पाहिला तर चांगला जवस काचेच्या बरोबरीला येतो.

तरीही वनस्पतीचा धागा गाडीच्या अस्तरापलीकडे फारसा सरकला नाही. भार पेलणाऱ्या भागात तो क्वचितच दिसतो. २०१९ साली पोर्शने एका शर्यतीच्या गाडीची दारे आणि मागचा पंख वनस्पतितंतूंचा केला, त्याची बातमी झाली ती अशा गोष्टी दुर्मीळ असल्यामुळेच. धागा दुबळा आहे म्हणून हे घडत नाही. धागा आणि प्लास्टिक यांच्यातली पकड कच्ची राहते, आणि पाणी लागले की ती आणखी सुटते. गेली चाळीसेक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा याच प्रश्नावर काम करत आहेत.

प्रश्न मुळात इतका अवघड नव्हता. पूर्व जर्मनीतल्या त्स्विकाऊ शहरात १९५७ ते १९९१ या काळात बनलेल्या ट्राबांट मोटारीची बाहेरची अंगे कापसाच्या टाकाऊ तंतूंची आणि फिनॉलिक रेझिनची होती. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, इंग्लंडमध्ये नॉर्मन डी ब्रुइन यांच्या कंपनीने जवसाचा धागा फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून ‘गॉर्डन एरोलाइट’ नावाचा पदार्थ तयार केला आणि त्यातून स्पिटफायर विमानाचा सांगाडा प्रयोगादाखल बांधला. या दोन्ही ठिकाणी रेझिन आणि धागा एकमेकांना धरून राहिले, कारण फिनॉलिक रेझिनच्या रेणूवर धाग्यासारखेच हायड्रॉक्सिल गट असतात. त्यामुळे धागा रेझिनने सहज भिजतो.

अडचण सुरू झाली पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन आल्यावर. ही प्लास्टिके स्वस्त, हलकी, पुन्हा वितळवता येणारी. पण त्यांचे रेणू म्हणजे निव्वळ कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. धाग्यातल्या सेल्युलोजला पाण्याची ओढ, तर यांना पाण्याचे वावडे. वितळलेले प्लास्टिक धाग्यावर नीट पसरत नाही आणि थंड झाल्यावर दोघांमध्ये सूक्ष्म फट राहते. मग ओढ बसली की प्लास्टिक तो ताण धाग्याकडे पोचवूच शकत नाही. अँथनी केली आणि टायसन यांनी १९६५ साली धातूंच्या संमिश्रांवर काम करताना याचा साधा हिशेब मांडला : पकड जितकी कच्ची, तितका धागा लांब हवा, ठरावीक लांबीपेक्षा आखूड धागा तुटण्याआधीच सटकतो. एक्स्ट्रूडरच्या स्क्रूमधून जाताना धाग्याचे बारीक तुकडे होतात, त्यामुळे कच्ची पकड तिथे फारच महाग पडते. मोडलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की सगळे उघड दिसते. पकड नसेल तर धागे स्वच्छ आणि उघडे बाहेर आलेले असतात, त्यांच्या जागी गुळगुळीत भोके राहिलेली असतात. पकड असेल तर धागा पृष्ठभागालगतच तुटतो आणि त्याच्या अंगाला प्लास्टिक चिकटलेले असते.

यावरचा सर्वांत जुना उपाय कॉस्टिक सोड्याचा. लँकशायरचे जॉन मर्सर यांनी सुती कापडावर दाट कॉस्टिकचा परिणाम पाहिला आणि १८५० साली त्याचे पेटंट घेतले. त्यांचा हेतू वेगळा होता, पण तेच रसायन ताग, काथ्या आणि घायपात यांना उपयोगी पडले. पाच टक्क्यांच्या आसपासच्या द्रावणात धागा भिजवला की त्याच्या अंगावरचे मेण, पेक्टिन, काही हेमीसेल्युलोज आणि लिग्निन निघून जाते. पृष्ठभाग खडबडीत होतो, जुडीतले तंतू सुटे होतात, प्लास्टिकला पकडायला जागा मिळते. मात्र द्रावण दाट झाले किंवा वेळ वाढला तर धाग्याचाच दम जातो. आणि धुण्याच्या पाण्याचे काय? धागा उदासीन होईपर्यंत पुन:पुन्हा धुवावा लागतो आणि मागे गढूळ, क्षारयुक्त सांडपाणी उरते. निबंधांत ‘धुऊन वाळवले’ एवढ्या दोन शब्दांत उरकणारी ही पायरी कारखान्यात सगळा ताळेबंद ठरवते.

सायलेनची वाट काचतंतूच्या उद्योगातून आली. १९४०च्या दशकात काच आणि पॉलिस्टरची संमिश्रे दमट हवेत अशक्त होत, आणि पकड पाण्यातही टिकवणारी सायलेन नावाची जोडरसायने त्यातूनच विकसित झाली. डाऊ कॉर्निंगमधल्या एडविन प्लुडेमान यांचे त्यात मोठे काम आहे. वनस्पतिधाग्यावर सायलेन चालते, पण काचेवर चालते तितके जोरकस नाही. ॲसिटिक ॲनहायड्राइडने धाग्याचे हायड्रॉक्सिल गट झाकून टाकता येतात. लाकडावर हा धंदा युरोपात उभा राहिला आहे, धाग्यावर तो खर्चिक ठरतो. प्लाझ्मा आणि एन्झाइम यांच्या वाटाही आहेत, पण त्या अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहेत.

कारखान्यात खऱ्या अर्थाने रुजला तो मॅलिक ॲनहायड्राइड जोडलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा उपाय. या रेणूचे एक टोक धाग्याच्या हायड्रॉक्सिलशी एस्टर बंध करते, उरलेली लांब साखळी सभोवतालच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये गुंतते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या चामर्स विद्यापीठात फेलिक्स आणि गाटेनहोल्म यांनी हा बंध खरोखर होतो हे १९९१ साली वर्णपटांच्या आधारे दाखवले. त्याचे यश रसायनाइतकेच सोयीचे आहे. वेगळी टाकी, धुणे, वाळवण काहीच लागत नाही. वजनाच्या एक ते पाच टक्के दाणे इतर दाण्यांबरोबर घातले की काम एक्स्ट्रूडरमध्येच होते.

तरी त्यातही पेच आहे. मॅलिक जास्त जोडायला गेलो तर पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटून आखूड होतात आणि आखूड साखळी गुंतत नाही. दुसरा पेच अमेरिकेतल्या लाकूड-प्लास्टिकच्या डेक-फळ्यांच्या धंद्यात कळला. फळी साच्यातून घसरत यावी म्हणून झिंक स्टिअरेट घालत. ते नेमके मॅलिक गटाशी भिडे आणि पकडीसाठी घातलेला माल वाया जाई. एकाच हॉपरमध्ये पडणाऱ्या दोन वस्तू एकमेकींचे काम बिघडवतात, हे सुट्या धाग्यावर प्रयोग करून कधीच कळले नसते.

पकड जितकी घट्ट तितके चांगले, हा समजही सोडावा लागतो. धागा प्लास्टिकमधून घासत बाहेर येतो तेव्हा धक्क्याची बरीच ऊर्जा त्या घर्षणात जिरते. पकड फार घट्ट झाली तर धागा जागच्या जागी तुटतो, वस्तू मजबूत पण ठिसूळ होते. दाराच्या अस्तराला अपघातात टोकदार तुकडे पडू नयेत हीच मोठी अट असते. म्हणून पकड किती हवी हे वस्तूचा उपयोग ठरवतो.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ॲलेक्झांडर बिस्मार्क यांच्या गटाने घायपात आणि हेम्पच्या धाग्यांवर जिवाणूंकडून सेल्युलोजची लव उगवून घेतली. हे काम २००८ साली प्रसिद्ध झाले. नारळपाण्याचे ‘नाता दे कोको’ ज्या जातीचे जिवाणू बनवतात तेच हे जिवाणू. विषारी रसायनाशिवाय धाग्याला बारीक केस फुटतात, त्यांत प्लास्टिक अडकते. मला ही वाट मनापासून आवडते, जरी ती मोटारीच्या कारखान्यापासून अजून लांब आहे.

भारताचा यातला वाटा लहान नाही. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत काथ्या आणि केळीच्या धाग्यावर १९८०च्या दशकातच काम झाले. कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठातला साबू थॉमस यांचा गट आणि ओडिशातून जाऊन कॅनडातल्या ग्वेल्फला स्थिरावलेले अमर मोहंती व मंजुश्री मिश्रा यांचे काम या विषयात सर्वत्र वाचले जाते. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले.

या सगळ्या कामात एक उणीव मला सतत टोचते. बहुतेक आकडे कोरड्या नमुन्याचे असतात. धागा साध्या हवेतही वजनाच्या आठ-दहा टक्के पाणी धरून असतो. पाण्यात तो फुगतो, प्लास्टिक फुगत नाही; वाळताना तो आक्रसतो आणि भोवती पोकळी सोडतो. ओले-कोरडे असे काही फेरे झाले की प्रयोगशाळेत कमावलेली पकड किती उरली, हाच खरा प्रश्न. दुसरी उणीव शेतातली. नीट न कुजवलेला ताग, गर न निघालेला केळीचा धागा, ओलसर गासड्या; यांवर कोणतेही महाग रसायन घातले तरी ते गराला चिकटते, धाग्याला नाही. त्यात सेल्युलोज दोनशे अंशांच्या आसपास करपू लागते, म्हणून ओलावा उष्णतेने काढायलाही मर्यादा आहे. आणि आपल्याकडे विदर्भात जवस पेरतात ते तेलासाठी, त्याच्या काड्यांचा धागा म्हणून विचार क्वचितच होतो.

जळगावच्या केळीच्या खोडांवर किंवा अंबाडीच्या वाखावर उद्योग उभा करू पाहणाऱ्यांना, आणि त्यांना सल्ला देणाऱ्या संस्थांना, माझी एक विनंती आहे. चाचणीचा अहवाल हातात आला की त्यात दोन गोष्टी मागा : धागा कुठल्या वाणाचा, कसा काढला व किती वाळवला याची नोंद, आणि नमुना महिनाभर पाण्यात ठेवल्यानंतरची ताकद. या दोन गोष्टी मिळाल्याशिवाय यंत्रावर पैसा घालू नका.