एका गुणाचं अंतर

शर्यतीच्या चित्रपटाबद्दल लिहायचं आणि सुरुवात इस्पितळापासून करायची, हे जरा विचित्र दिसेल. पण रॉन हॉवर्ड यांच्या ‘रश’मधला (२०१३) मला सगळ्यात आधी आठवतो तो प्रसंग तिथलाच. भाजलेल्या, पट्ट्या बांधलेल्या डोक्यावर निकी लाउडा हेल्मेट चढवू पाहतो. वेदनेनं कळवळतो, तरी पुन्हा चढवू पाहतो. गाडी नाही, इंजिनाचा आवाज नाही, प्रेक्षकांचा गलका नाही. आणि अख्ख्या चित्रपटात अंगावर काटा येतो तो इथेच.

गोष्ट १९७६च्या फॉर्म्युला वन मोसमाची. एकीकडे फेरारीचा ऑस्ट्रियन लाउडा: गतविजेता, हिशेबी, तोंडाचा फटकळ. दुसरीकडे मॅक्लारेनचा इंग्लिश जेम्स हंट: देखणा, रंगेल आणि शर्यतीआधी भीतीनं ओकणारा. १ ऑगस्टला जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगवर, दुसऱ्याच फेरीत, लाउडाची गाडी आदळून पेटली. ट्रॅक जवळपास २३ किलोमीटरचा, आयफेलच्या डोंगररानातून वळत जाणारा. मदत वेळेवर पोचणार कशी? लाउडाला बाहेर ओढलं ते मागून आलेल्या चालकांनीच. इस्पितळात पाद्र्यानं अंत्यविधीची प्रार्थनाही उरकली. त्यानंतर सहा आठवड्यांनी हा माणूस इटलीत मोंझाला पुन्हा गाडीत बसला आणि चौथा आला. एवढं सगळं मुळातच घडलेलं असताना पटकथाकाराला काही रचायची गरज ती काय?

तरी पीटर मॉर्गन यांनी रचलंच. मॉर्गन आणि हॉवर्ड या जोडीचा आधीचा चित्रपट ‘फ्रॉस्ट/निक्सन’. तिथेही दोन पुरुष समोरासमोर आणि त्यांच्यातली झुंज. तोच साचा त्यांनी इथे वापरला. सुरुवातीच्या फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतीतच दोघांत ठिणगी पडते आणि वैर पेटतं, असं चित्रपट सांगतो. प्रत्यक्षात दोघांची चांगली मैत्री होती. उमेदवारीच्या काळात लंडनमध्ये काही दिवस ते एकाच घरात राहिलेही होते. मला वाटतं, मित्रच एकमेकांच्या वाटेत उभे राहिले ही गोष्ट वैरापेक्षा कितीतरी अवघड आणि रंगतदार झाली असती. लाउडाच्या चेहऱ्यावरून त्याला टोचणाऱ्या पत्रकाराला हंट बाजूला नेऊन बदडतो, तो प्रसंगही काल्पनिक. थिएटरात त्यावर टाळ्या पडतात, हे कबूल.

डॅनिएल ब्रूलनं मात्र लाउडा असा उभा केला आहे की बाकीचं बरंचसं माफ करावं. पुढे आलेले दात, तुटक जर्मन वळणाचं इंग्रजी आणि कुणाला आपण आवडावं अशी अजिबात धडपड नाही. इटलीतल्या रस्त्यावर तो भावी पत्नी मार्लेनला बाजूला बसवून एखाद्या आजोबांसारखी गाडी हाकतो. कारण विचारल्यावर सरळ सांगतो: जोरात जायची गरज नाही, कुणी पैसे देत नाही, मग जोखीम कशाला? त्या एका संवादात माणूस कळतो. हंटच्या भूमिकेतल्या क्रिस हेम्सवर्थला हे भाग्य लाभलेलं नाही. त्याच्या वाट्याला बाटल्या, बायका आणि केस. ओकण्याचा तपशील खरा आणि बोलका होता, पण दिग्दर्शक त्याच्यामागच्या भीतीत शिरत नाही. मार्लेन आणि हंटची पत्नी सूझी, दोघींनाही नवऱ्यांकडे काळजीनं पाहण्यापलीकडे फारसं काम नाही.

छायाचित्रण अँथनी डॉड मँटल यांचं, म्हणजे आपल्या मुंबईतल्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्कर मिळवलेले. कॅमेरे चाकाजवळ, इंजिनाशेजारी, हेल्मेटच्या आत. घाम, तेल, ओल्या टायरमागे उडणारा पाण्याचा पडदा, सगळं अंगावर येतं. संकलनाला ब्रिटनचा बाफ्टा मिळाला आणि तो रास्तच होता. पण तुकडे इतके बारीक की कोण कुठे आहे, कुणी कुणाला कोणत्या वळणावर मागे टाकलं, याचा पत्ता लागत नाही. जॉन फ्रँकेनहायमर यांचा ‘ग्रां प्री’ (१९६६) इथे सरस ठरतो. त्यातलं प्रेमप्रकरण कंटाळा आणतं, पण ट्रॅक नकाशासारखा समजतो. स्टीव्ह मॅक्वीनचा ‘ल मॉं’ (१९७१) तर दुसऱ्या टोकाला: शर्यत अस्सल, गोष्ट जवळपास नाहीच.

‘रश’मधली शेवटची शर्यत जपानमधल्या फुजीच्या पावसात होते. लाउडाकडे ६८ गुण, हंटकडे ६५. तिसऱ्या क्रमांकाला ४ गुण, म्हणजे लाउडाला काहीच मिळालं नाही आणि हंट तिसरा आला, तर तो एका गुणानं पुढे जाणार होता. दोन फेऱ्यांनंतर लाउडानं गाडी पिटमध्ये आणली आणि तो उतरला. चित्रपट या निर्णयाला बायकोच्या आठवणीची हळवी किनार देतो. पण भाजल्यामुळे त्याच्या पापण्या आणि अश्रुनलिका नीट काम करत नव्हत्या, हे कारण काही कमी नव्हतं. त्या दिवशी एमर्सन फिटिपाल्डीसह आणखी तीन चालक आपणहून थांबले होते. पडद्यावर लाउडा एकाकी वाटतो तसा तो नव्हता.

टायर झिजून पिटमध्ये जावं लागलेला हंट अखेर तिसरा आला आणि आपण हरलो असं समजून आपल्याच संघावर भडकला. गुण ६९. फेरारीचे अभियंते माउरो फोर्घिएरी यांनी त्याआधीच लाउडाला सुचवलं होतं, इंजिन बिघडलं असं सांगू या. त्यानं ते ऐकलं नाही. खरं कारण आपणच सांगितलं आणि निघून गेला.