शिडाच्या जोडनौकेवरील यंत्रबिघाड



आमचे आयुष्य गिरणी, गोदी आणि बंदर येथील कामगारांत गेले. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारांनीच दिले. तेव्हा नौकाविहारासारखा श्रीमंती विषय आम्ही का घेतला, असे आपणांस वाटेल. परंतु विहार मालकाचा असला, तरी यंत्र अडले की पाण्यात उतरतो तो खलाशी. म्हणून हा विषय आमचाही आहे.

कॅटामरान हा शब्द मूळचा तमिळ. कट्टु म्हणजे बांधणे, मरम् म्हणजे लाकूड. ओंडके बांधून केलेल्या तराफ्याचे हे नाव पुढे दोन सांगाड्यांच्या नौकेला मिळाले. आजच्या मोठ्या जोडनौकेत प्रत्येक सांगाड्यात बहुधा एक डिझेल इंजिन, एक पंखा आणि एक सुकाणू असते. एक गेले तर दुसरे आहे, हा हिचा गुण. अवगुण असा, की साधी शिडाची नौका वारा वाढताच कलते व खलाशाला सावध करते. जोडनौका फारशी कलतच नाही, आणि सारा ताण मुकाट्याने डोलकाठीच्या तारांवर येतो. म्हणून येथे शीड आखडायचे ते कल पाहून नव्हे, वाऱ्याचा वेग मोजून. वाऱ्याकडची तार तुटलीच, तर विलंब न लावता नौका वळवून वारा दुसऱ्या अंगाने घ्यावा, म्हणजे भार शाबूत तारेवर जातो.

किनाऱ्याजवळच्या बिघाडात पहिला प्रश्न ‘काय मोडले?’ हा नव्हे. ‘किनारा किती दूर?’ हा होय. कोकणात हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, दुपारी मात्र समुद्राकडून वायव्येचा वारा सुटतो. दुपारी यंत्र बंद पडले तर नौका खडकांकडे लोटली जाते. तेव्हा प्रथम शिडावर तिला खोल पाण्याकडे न्यावी. तेही जमत नसेल आणि पाणी उथळ असेल, तर नांगर टाकावा व साखळी खोलीच्या निदान पाचपट सोडावी. हत्यारपेटी त्यानंतर उघडावी.

बहुतेक बिघाड क्षुल्लक वस्तूंमुळे होतात. इंजिन तापले, तर धुराच्या नळीतून पाणी पडते की नाही ते पाहावे. पडत नसेल, तर समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असते, किंवा पंपातील रबरी चक्राची पाती तुटलेली असतात. मात्र जाळी उघडण्यापूर्वी सांगाड्याचा पाणतोटी झडप बंद करावी. नाहीतर दुरुस्ती करतानाच नौकेत पाणी भरायचे! इंजिन धापा टाकून बंद पडले, तर लाटांनी टाकीतील गाळ ढवळून गाळणीत बसला असण्याचा संभव असतो. गाळणी बदलावी आणि नळीतील हवा काढावी. चाकापासून सुकाणूपर्यंतची तार तुटली, तर सुकाणूच्या दांड्यावर जादा दस्ता बसवावा. तोही नसेल, तर दोन इंजिने कमीजास्त चालवूनही जोडनौका वळविता येते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही अशाच नौकेवरून मुंबईहून मालवणला गेलो. तांडेल व खलाशी आमच्या संघटनेचे सभासद होते. दाभोळच्या दक्षिणेस डाव्या पंख्यात जाळ्याचा दोर गुंतला. मालकाला घाई होती. ‘एकजण उतरा आणि कापा,’ तो म्हणाला. तांडेलाने लाटांकडे पाहिले. ‘शेठ, खाली-वर होणारा सांगाडा डोकं फोडील. जयगडला नेतो,’ एवढे बोलून त्याने शीड आणि उजवे इंजिन यांवर नौका चालविली. उजवा पंखाच ढकलत असला की नाळ डावीकडे सहज वळते, उजवीकडे कष्टाने; म्हणून खाडीत शिरताना त्याने सारी वळणे डावीकडची आखली. जयगडच्या आडोशाला नांगर टाकल्यावर त्याने दोन्ही इंजिने बंद केली, दोन्ही किल्ल्या काढल्या आणि पाण्यात उतरणाऱ्या पोराच्या गळ्यात बांधल्या. अर्ध्या तासात दोर निघाला.

त्या किल्ल्या पाहून आम्हांस दुसरा एक पोरगा आठवला. दुसऱ्या एका बोटीवर तो असाच दोर कापीत असता वर कोणीतरी इंजिन चालू करून पाहिले. दोन बोटे गेली. मालकाचे म्हणणे, ‘पोराचा निष्काळजीपणा.’ त्या वेळी १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडणे निराळे आणि साधी चूक निराळी, असा भेद त्यात होता. आणि येथे तर हुकूमच कोणी दिला नव्हता. भरपाई मिळाली, बोटे मिळाली नाहीत.

गिरणीत आम्ही हेच सांगत आलो, की ज्याचा हात यंत्रात, किल्ली त्याच्याच ताब्यात. आपणांपैकी कोणी कधी अशा नौकेवर गेले, तर सुटे रबरी चक्र, गाळण्या आणि धारदार सुरी बरोबर आहे ना, हे निघण्यापूर्वीच विचारा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि रेडिओची सोळावी वाहिनी ध्यानात ठेवा. आणि कोणी पाण्यात उतरत असेल, तर घाईत असलेल्या माणसाला थांबवून एवढेच विचारा, की किल्ली कोणाजवळ आहे?