सुकाणूवरचा सांगाडा

दर्यापूरपासून समुद्र चारशे किलोमीटरहून दूर आहे. तरीही कवटी आणि तिच्याखाली फुली मारल्यासारखी दोन हाडे, हे समुद्री चाच्यांचे निशाण वऱ्हाडातल्या पोरांना चांगले ओळखीचे आहे. जत्रेत आकाशपाळण्याच्या शेजारी जी भलीमोठी नाव झुलते तिला आपल्याकडे ‘कोलंबस’ म्हणतात, आणि तिच्या आसपास कुठेतरी भूतबंगल्याच्या कनातीवर दात विचकणारा सांगाडा रंगवलेला असतो. चांदूर बाजार तालुक्यातली, 20 डिसेंबरला सुरू होऊन महिनाभराहून अधिक चालणारी बहिरमची यात्रा असो की तालुक्याच्या गावी लागणारा आनंद मेळा, पैसे देऊन भिण्याची हौस आपल्या लोकांना आहे. या सांगाड्याचा जगातला सर्वांत नामवंत भाऊबंद कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये आहे. त्याची घडण नीट पाहिली की जी गोष्ट आपण सहसा विचारात घेत नाही ती कळते. भीती हाडात नसते, ती मांडणीत असते.

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही तिथली सफर 18 मार्च 1967 रोजी सुरू झाली. वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः लक्ष घातलेल्या शेवटच्या कामांपैकी ती एक. 15 डिसेंबर 1966 रोजी ते वारले, त्यामुळे ती सुरू झालेली त्यांनी पाहिली नाही. मूळ बेत मेणाच्या पुतळ्यांचा होता. लोकांनी पायी फिरून चाचे पाहावेत, एवढाच. पण 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात नावांत बसवून माणसे पुढे नेण्याची पद्धत यशस्वी ठरली आणि बेत बदलला. या बदलाचे महत्त्व मोठे आहे. पायी चालणारा माणूस हवे तिथे थांबतो, वाकून बघतो, बोट लावू पाहतो, आणि मग त्याला प्लास्टर दिसते. नावेत बसलेला माणूस किती अंतरावरून, कोणत्या कोनातून आणि किती क्षण पाहणार, हे कारागीर आधीच ठरवून ठेवतो. मार्क डेव्हिस या चित्रकाराने रेखाटलेली दृश्ये याच हिशेबावर उभी राहिली.

सुरुवातीला नाव अंधारात उतारावरून खाली घसरते आणि गुहेत शिरते. तिथे जिवंत माणूस नाही, फक्त सांगाडे आहेत. एक जण दारू पितो आहे आणि ती त्याच्या बरगड्यांमधून खाली उतरताना दिसते. दुसरा फुटलेल्या जहाजाच्या सुकाणूशी उभा आहे. वारा घोंघावतो, विजा चमकतात, सुकाणूचे चाक इकडेतिकडे फिरते. सांगाड्याला फारशी हालचाल करावीच लागत नाही. चाक फिरते म्हणून तो ते फिरवतो आहे असे आपले डोळे ठरवतात. पुढच्या दालनांतल्या बोलणाऱ्या, गाणाऱ्या चाच्यांसाठी हवेच्या आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे वापरली आहेत, आणि त्यांच्या हालचाली ध्वनीशी जुळवलेल्या आहेत. तरीही सफरीतून बाहेर पडलेल्या माणसाला आठवतो तो जवळजवळ निश्चल असलेला खलाशी. माझ्या मते हेच या कलेचे शिखर आहे. कमीत कमी हालचालीत जास्तीत जास्त भास उभा करणे, हे आपल्या गणेशोत्सवात हलते देखावे करणाऱ्या मंडळींनाही नेमके ठाऊक असते.

आता त्या घडणीतली गैर वाटणारी बाजू. सुरुवातीच्या काळात या सफरीतले काही सांगाडे खऱ्या माणसांचे होते. त्या वेळचे बनावट सांगाडे कारागिरांना पटेनात, म्हणून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाकडून खरे मिळवले गेले. पुढे बनावट हाडे सुधारली तसे खरे सांगाडे बदलले गेले. कोणी म्हणेल की खऱ्या हाडांमुळेच ती सफर गाजली. पण हाडे बदलल्यावरही गर्दी हटली नाही. याच नावाची सफर फ्लोरिडा, टोकियो, पॅरिस आणि शांघायलाही गाजली. नावेत बसलेल्या माणसाला त्या अंधारात खरे-खोटे ओळखू येत नव्हते आणि ओळखण्याची गरजही नव्हती. म्हणजे खऱ्या माणसांची हाडे तिथे मांडणे कलेच्या दृष्टीनेसुद्धा अनावश्यक होते.

भारतीय वाचकाने इथे थोडे थांबावे, असे मला मनापासून वाटते. त्या काळात जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना सांगाडे पुरवणारा सर्वांत मोठा देश भारत होता आणि त्या व्यापाराचे केंद्र कोलकाता होते. 1985 साली सरकारने ही निर्यात बंद केली. डिस्नेलँडमधली हाडे कुठल्या देशातली होती, असा दावा मी करत नाही. पण ज्या बाजारातून असे सांगाडे जात, त्यात गरिबांचे, बेवारसांचे मृतदेह होते आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. यावर आक्षेप येतो की मग डॉक्टरांनी शिकायचे कशावर? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आज गावोगावी भरल्या जाणाऱ्या देहदानाच्या अर्जांत आहे. स्वतःच्या संमतीने दिलेला देह शिक्षणासाठी वापरणे आणि कोणाचीही संमती नसलेली हाडे करमणुकीसाठी टांगणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 1701 साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या विल्यम किड या चाच्याचे प्रेत लोखंडी सळ्यांत अडकवून थेम्सच्या काठी टांगले होते. हिंदी महासागरात व्यापारी जहाज लुटणारा हा किड निदान आपल्या नावाने टांगला गेला. सफरीतल्या हाडांना तर नावही नव्हते.

दुसरा आक्षेप आपल्या भागातला आहे आणि तो अधिक वजनदार आहे. दर्यापूरशेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी 1876 साली गाडगेबाबा जन्मले. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर कीर्तन करणाऱ्या या माणसाच्या मुलखात भूतबंगला आणि सांगाडे कशाला? महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तोही काही सुखासुखी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर त्याचा अध्यादेश निघाला. मग मुलांच्या मनात भुताची भीती आपणच का पेरावी? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण मांत्रिकाची भीती आणि भूतबंगल्याची भीती एक नव्हे. मांत्रिक आपली युक्ती लपवतो, ती दैवी असल्याचे सांगतो आणि भीतीतून सुटण्याचे पैसे घेतो. भूतबंगल्यात पैसे आधी दिलेले असतात, बाहेर पडायची वाट ठरलेली असते आणि आतले भूत कोणीतरी बनवले आहे हे आत जाणाऱ्याला ठाऊक असते. तरी लहान मुलाला हा भेद आपोआप कळत नाही, हेही खरे. तो त्याला कोणीतरी दाखवावा लागतो.

म्हणून जत्रांच्या समित्यांना, मेळेवाल्यांना आणि शाळांना एक विनंती आहे. भूतबंगला बंद करू नका. आठवड्यातून एक सकाळ त्याची कनात वर करा, दिवे लावा आणि मुलांना मागच्या बाजूने आत न्या. मोटर कुठे बसवली आहे, दोरी कशी ओढली जाते, आवाज कुठून येतो, काळ्या कपड्यांवर पांढरी हाडे रंगवून कोण उभा राहतो, हे सगळे त्यांना हाताळू द्या आणि ते बनवणाऱ्या कारागिराला त्यांच्यापुढे बोलू द्या. विज्ञानाचे शिक्षक सोबत असतील तर फारच उत्तम.