घरातील मोठ्या टाकीसाठी रंगीत माशांची निवड

गोड्या पाण्याच्या मोठ्या काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याची हौस आता खेड्यांतील घरांतूनही दिसू लागली आहे. टाकी आणली, पाणी भरले, बाजारात जे जे डोळ्यांत भरले ते ते मासे आणून सोडले, आणि पंधरा दिवसांत निम्मे मासे उलटे होऊन तरंगू लागले, असा अनुभव पुष्कळांस येतो. आम्हांसही तो आला आहे. पहिल्याच वर्षी आम्ही विहिरीच्या पाण्यात वीस निऑन टेट्रा सोडले. त्यांतील एकही महिनाभर जगला नाही. दोष माशांचा नव्हता व विकणाऱ्याचाही नव्हता. जमीन न पाहता बियाणे आणणारा शेतकरी जी चूक करतो, तीच आम्ही केली होती. सबब माशांची निवड रंगावरून न करता आपल्या पाण्यावरून करावी, हे आमच्या वाचकांस सांगणे अवश्य वाटते.

पाण्याची परीक्षा.— देशावरील काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणास फेस कमी येतो व पाणी तापविण्याच्या भांड्यास आतून पांढरा थर बसतो. कोकणातील जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी याच्या उलट, म्हणजे हलके व किंचित आम्ल असते. निऑन टेट्रा हा अॅमेझॉनच्या खोऱ्यातील हलक्या, आम्ल पाण्यातला मासा होय. त्यास आमचे जड पाणी कसे मानवावे?

जड पाणी असणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल हे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील मासे अशा पाण्यात चांगले वाढतात. ते अंडी न घालता जिवंत पिले देतात व त्यांत लाल, नारिंगी, पिवळे, काळे असे रंग मिळतात. पश्चिम पापुआतील आयामारू सरोवरांतला बोसमनचा रेनबो हाही जड पाणी मानवणारा आहे. त्याच्या नराचे पुढील अर्धे अंग निळसर व मागील अर्धे नारिंगी असते. मात्र लहानपणी तो फिका दिसतो. म्हणून अजाण माणूस त्यास बाजारात वगळतो. पूर्ण रंग यावयास धीर धरावा लागतो.

वाढ व स्वभाव.— ४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशा टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावते. त्याचे वजनच अडीचशे किलो भरते. तेव्हा चौथरा भक्कम हवा. बाजारात दिसतो तो मासा बहुधा पिलू असतो, हे विसरू नये. ऑस्कर फूटभर वाढतो व लहान मासे गिळतो. गोल्डफिशला थंड पाणी मानवते व तो घाण फार करतो. त्याची टाकी निराळी असावी. टायगर बार्ब सुंदर खरा, परंतु एंजलसारख्या लांब पंखांच्या माशांचे पंख कुरतडतो. जड पाण्याच्या वरील टाकीस आठ रेनबो, आठ प्लॅटी आणि दोन नर व चार माद्या असे सहा स्वोर्डटेल पुरेत. पुढे पिलांची भर पडतेच.

सावकाशीचे महत्त्व.— माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो व तो त्यांस विष आहे. जमिनीत अमोनियायुक्त खताचे नायट्रेट जिवाणू करतात, तेच कार्य टाकीतील वाळूत व गाळणीत त्याच प्रकारचे जिवाणू करतात. त्यांची वाढ होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून प्रथम चार-पाचच मासे सोडावे व बाकीचे टप्प्याटप्प्याने आणावे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी फुलझाडांस घालावे. त्यात नायट्रेट असल्याने ते वाया जात नाही. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग घालावे, म्हणजे त्यातील क्लोरीन बरेचसे उडून जाते. फवारणी करून आलेला हात टाकीत मुळीच घालू नये. कित्येक कीटकनाशके माशांस अत्यल्प प्रमाणातही मारक असतात.

शेवटची सूचना.— टाकीची काच साफ राहावी म्हणून पुष्कळ लोक दक्षिण अमेरिकेतील सकर मासा आणतात. तो दीड फुटापर्यंत वाढतो आणि टाकीत मावेनासा झाला की दया येऊन कोणी त्यास तळ्यात सोडतो. ही दया महाग पडते. भारतातील अनेक नद्यातलावांत हा मासा आता पसरला आहे. तो काठास बिळे पाडून बांध खिळखिळा करतो, आपल्या माशांचे खाद्य खातो व काटेरी अंगाने जाळी फाडतो. म्हणून हा मासा मुळात आणूच नये. नकोसा झालेला कोणताही परका मासा विकणाऱ्यास परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावा. विहिरीत, ओढ्यात अगर शेततळ्यात कदापि सोडू नये. घरातील शोभेपायी गावच्या पाण्याचे नुकसान व्हावे, हे कोणाही शेतकऱ्यास रुचणार नाही, अशी आमची खात्री आहे.